एकदा परकी म्हणा

मारीवहिनी बोटानं काही दाखवत नसे, ओठांनी दाखवायची. पिठाची गिरणी कुठं आहे असं कुणी विचारलं, की दोन्ही ओठ चंबूसारखे पुढं काढायची, हनुवटी जराशी उचलायची आणि ओठ गिरणीच्या दिशेला वळवायची. तिच्या देशात म्हणे सगळेच असं दाखवतात. आमच्या गावात मात्र कुणी दाखवत नव्हतं. ती आली त्याच आठवड्यात एक पाहुणे माणिकरावांचं घर विचारत आमच्या गल्लीत शिरले आणि थोड्या वेळानं तिच्या सासूकडं तक्रार घेऊन आले.

"तुमच्या सुनेनं मला तोंड वेंगाडून दावलं."

सासू, म्हणजे सोजरबाई, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "दावलं आसंल. पन माणिकरावाचं घर घावलं का न्हाई?"

"घावलं."

"मग झालं की."

वर्षभरात गल्लीतल्या बायकांनीही ती रीत उचलली. डोक्यावर घागर आणि काखेत लेकरू असलं की बोट आणायचं कुठून? ओठ मोकळेच असतात. आजही रेणापूरच्या बाजारात एखादी बाई ओठांनी वाट दाखवताना दिसली, तर ही आमच्याच गल्लीतली असणार हे मी लांबून ओळखते.

तिचं खरं नाव मारिसेल. फिलिपिन्समधल्या एका बेटावरची. मस्कतच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि सोजरबाईचा बालाजी त्याच दवाखान्यात इलेक्ट्रिशियन. आमचं गाव रेणापूरच्या पुढं, आणि सोजरबाईचं घर आमच्या घरासमोर. मधून एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. बालाजीचे वडील गेले, आई एकटी पडली, शेत बघायला कुणी राहिलं नाही, तेव्हा तो बायकोला घेऊन परत आला. लग्न तिकडंच, कायद्यानं नोंदवून झालेलं होतं. "म्हयनाभर राहून बघते म्हनलीय," असं बालाजीनं आईला सांगितलं होतं. तो महिना अजून संपलेला नाही.

माझा तिच्याशी संबंध आला तो इंग्रजीमुळं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. नांदेडला खोली करून, हातानं भाकरी थापून मी बी.ए. केलं. माझ्या आईला सही येत नाही. माझ्या पदवीचा कागद तिनं उलटा धरून का होईना, पण सगळ्या गल्लीत फिरवला. तेव्हापासून गल्लीत इंग्रजीतलं काही आलं की ते माझ्याकडं यायचं. विम्याचं पत्र, औषधाची चिठ्ठी, आणि मग मारीवहिनी.

पण माझ्या इंग्रजीची तिला फार दिवस गरज पडली नाही. ती मराठी शिकली सोजरबाईकडून. दुसरा मास्तर तिला नव्हताच. त्यामुळं तिशीतल्या बाईच्या तोंडात सत्तरीतल्या म्हातारीची भाषा बसली. कंबरेवर हात ठेवून ती उठायची आणि म्हणायची, "आगं माय माय माय, पाठीचा पार चोथा झाला." गल्लीतल्या पोरांना दटवायची, "आरं मुडद्यानू, तिन्हीसांजंला उंबऱ्यावर बसू नगा." एकदा शाळेत नवे आलेले गुरुजी पट बघायला गल्लीत फिरत होते. ते माझ्या आईला हळूच म्हणाले, "या बाई दिसायला वेगळ्या आहेत, पण बोलणं मात्र आमच्या आजीसारखं आहे."

सोजरबाई मात्र तिची भाषा शिकली नाही. दोनच शब्द शिकली. एक 'नानाय', म्हणजे आई. मारीवहिनी तिला तशी हाक मारायची आणि चारचौघांत 'आत्याबाई' म्हणायची. दुसरा शब्द शिवीसारखा काहीतरी होता. तो सोजरबाई फक्त बकरीला वापरायची.

वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची मारीवहिनीची पद्धतही निराळी. पाया पडायची नाही. समोरच्याचा हात हातात घ्यायची, वाकायची आणि तो हात आपल्या कपाळाला टेकवायची. बायांना यात काही वाटलं नाही, पण गावातले म्हातारे दचकले. पोराच्या वयाच्या माणसाच्या बायकोनं चारचौघांत आपला हात धरायचा म्हणजे काय! सोजरबाईनं तोडगा काढला. बायांचा हात धर, बाप्यांना लांबून हात जोड. फक्त आमचे बशीरचाचा त्याला अपवाद. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. तीन पिढ्या त्यांच्याच घराण्यानं आमच्या गावचे सदरे आणि झंपर शिवले. ते आपणहून हात पुढं करायचे. "बेटी, दुआ देनी है तो हात सर तक जानाच पडता. तू आधा काम खुद करती, मेरा क्या जाता?"

मस्कतहून येताना तिनं रक्तदाब मोजायचं मशीन आणलं होतं. रोज सकाळी ओट्यावर दोन-चार म्हातारी माणसं बाही वर करून बसलेली असायची. ती मोजायची, आकडा सांगायची, दवाखान्यात जायला हवं असलं तर हाकलून लावायची. सुई मात्र कुणाला टोचायची नाही. ताप असो, रडणं असो, कुणी पाया पडो. "माझा नर्सिंगचा कागद तिकडचा हाय. हिकडं मी नर्स न्हाई. सून हाय. सुना सुया टोचत नसत्यात."

आणखी एक तिची सवय सांगते, कारण पुढं ती फार दिवस चालली. डोक्यात काही घोळत असलं की ती झाडायला घ्यायची. अंगण झालं की ओटा, ओटा झाला की गल्ली, गल्ली झाली की बशीरचाचांच्या दुकानापुढची चिंध्यांची जागा. खराट्याचा खर्र खर्र आवाज उशिरापर्यंत आला की माझी आई म्हणायची, "मारीचं कायतरी बिनसलंय."

तो आवाज सगळ्यात जास्त दिवस आला तो ग्रामसभेनंतर.

गावात आरोग्य उपकेंद्र आहे. त्याला तेव्हा बहुतेक वेळा कुलूप असायचं. एका बाळंतिणीला टेम्पोत घालून रेणापूरला न्यावं लागलं, आणि टेम्पोत तिच्यासोबत मारीवहिनी बसली होती. बाई आणि बाळ सुखरूप घरी आले, पण मारीवहिनी चिडून होती. पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि तिच्या त्या म्हातारीच्या भाषेत बोलायला लागली. उपकेंद्र कोणत्या दिवशी उघडलं, कोणत्या दिवशी नाही, औषधं कुठं ठेवली आहेत, उन्हात ती कशी खराब होतात. लोक ऐकत होते. तेवढ्यात माणिकराव उठले. ते पंचायतीचे सदस्य, माणूस वाईट नाही.

"वहिनी, तुमचं म्हननं सोळा आने बराबर हाय," ते म्हणाले. "पन ग्रामसभा मतदारांची आसती. तुमचं नाव यादीत न्हाई. उद्या कुनी हरकत घेतली तर ठरावच बाद व्हायचा. ह्ये सोजरमावशीला बोलू द्या."

सोजरबाई उभी राहिली. "ती म्हनली त्येच माझं म्हननं," असं म्हणून खाली बसली. ठराव झाला. उपकेंद्र पुढं नियमानं उघडायलाही लागलं. पण लिहिताना सगळं सोजरबाईच्या नावानं लिहिलं गेलं, आणि मारीवहिनी घरी येऊन खराटा घेऊन बसली.

"वाईट बोलले असते तर मी भांडले असते," ती मला म्हणाली. "लई ग्वाड बोलले. त्येच लागलं. इतकी वर्सं ह्या गावात खाऊन राहिले, झाडून राहिले, आन् बोलायचं तर दुसऱ्याच्या तोंडानं."

मग आम्ही लातूरला एका वकिलाकडं गेलो. ती, बालाजी आणि मी. वकिलांनी रस्ते तीन सांगितले. पहिला चालूच होता. व्हिसाची मुदत वाढवत राहायचं, दरवेळी लातूरला खेटे घालायचे. दुसरा ओसीआय कार्डाचा. नवरा भारतीय, लग्न नोंदवलेलं, त्यामुळं ते मिळण्यासारखं होतं. आयुष्यभर इथं राहा, जा-ये करा, पासपोर्ट आपल्या देशाचाच ठेवा. फक्त मत देता येणार नाही, निवडणुकीला उभं राहता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. तिसरा रस्ता नागरिकत्वाचा. सात वर्षं इथं राहिल्याचं दाखवायचं, पोलीस चौकशी व्हायची, आणि सगळं मंजूर झालं की आपल्या देशाचं नागरिकत्व सोडून द्यायचं. आपल्याकडं एकाच वेळी दोन देशांचं होता येत नाही.

"ताई, कार्ड घ्या," वकील म्हणाले. "सोपं आहे. उद्या परत जायची वेळ आली तर दार उघडं राहतं."

येताना एसटीत, रेणापूर जवळ आल्यावर ती म्हणाली, "शालन, दार उघडं ठिवून कुनी झोपतं का गं?"

"उन्हाळ्यात झोपतात की सगळे."

ती इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं.

बालाजीलाही कार्डच हवं होतं, आणि त्याचं कारण फेकून देण्यासारखं नव्हतं. "उद्या माझं काय बरंवाईट झालं तर हिनं कुठं जायचं?" तो माझ्यापाशी बोलला. "मस्कतमदी मी परका हुतो. वाकडं काय झालं तर घरी जाता येतंय, ह्या एका गोष्टीवर मानूस तिकडं झोपतो. तीच मी हिच्यापासून काढून घिऊ?"

हे मारीवहिनीच्या कानावर गेलं तेव्हा ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि ओठांनी ताट दाखवायची. तिसऱ्या दिवशी बोलली. "तू मरशीलच ह्या हिशोबानं मी का म्हनून कागद करू? आन् मेलास तर मी कुठं जाईन म्हनतोस? आत्याबाईची बकरी कोन बांधील?"

पण मला वाटतं, परतीचं ते दार तिच्या मनातही होतंच. नाहीतर इतके दिवस गल्ली कशाला झाडली असती? तिची आई तिकडं होती. पासपोर्ट सोडला तर स्वतःच्या आईच्या दारात तिला दुसऱ्या देशाची बाई म्हणून जावं लागणार होतं.

रविवारी दुपारी तिच्या आईचा व्हिडिओ फोन यायचा. तो घरात बसून घ्यायची रीतच नव्हती. ओट्यावर फोन पितळी तांब्याला टेकवून ठेवायची आणि येणारी-जाणारी बाई त्यात तोंड घालून जायची. तिकडची म्हातारी हात हलवायची, इकडच्या हात हलवायच्या. कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं, तरी 'जेवलात का' हे दोन्हीकडून विचारलं जायचं आणि बरोबर कळायचं. त्या रविवारी मात्र मारीवहिनीनं सगळ्यांना बाजूला केलं आणि आईला सगळं सांगितलं. ओट्यावर मी होते आणि शेंगा फोडत बसलेली सोजरबाई. मग तिकडून आईनं एक प्रश्न विचारला. मारीवहिनीनं फोन उचलला आणि सोजरबाईकडं वळवला.

सोजरबाई दचकली. "काय म्हनतीया?"

"इच्यारतीया, तिथं तू आजारी पडल्यावर तुला मऊ भात कोन करून घालतं?"

आदल्या वर्षी मारीवहिनीला डेंग्यू झाला होता. सोजरबाईनं रोज गुरगुट्या भात करून, चमच्यानं भरवून तिला उठवली होती. फोनमधल्या म्हातारीनं सोजरबाईकडं बघितलं, सोजरबाईनं तिच्याकडं. मग तिकडची काहीतरी बोलली आणि डोळे पुसायला लागली. काय बोलली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत खराट्याचा आवाज आला नाही. मारीवहिनी मला म्हणाली, "शालन, तिसरा."

अर्ज गेला. मी तोपर्यंत किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि सुट्टीत गावी यायचे. त्यामुळं चौकशीच्या दिवशी काय झालं ते मला आईनं आणि बशीरचाचांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जोडून सांगते.

पोलीस ठाण्याचे एक जमादार मोटरसायकलवरून आले. मारीवहिनी आणि बालाजी त्या दिवशी नेमके लातूरला गेले होते. आता झालं असं होतं, की चार-आठ दिवसांपूर्वी टीव्हीवर कुठल्यातरी शहरात बाहेरदेशच्या माणसांना गाडीत घालून नेताना दाखवलं होतं. सगळ्या गल्लीनं ते बघितलं होतं. मारीवहिनीनं अर्ज केलाय हे ती, बालाजी आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, सोजरबाईलासुद्धा नाही. होईल तेव्हा सांगू, असं तिचं म्हणणं होतं. आणि त्यात जमादारांनी गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून बशीरचाचांना विचारलं, "इथं कुणी परदेशी बाई राहते का?"

बशीरचाचांनी मशीनवरून मान वर केली नाही. "परदेसी? साब, इधर तो कुत्ता भी बाहर का नई आता."

"अहो, बालाजीची बायको."

"वो? वो तो किनवट की तरफ की है. जंगल का इलाका, साब. उधर की हवाच अलग."

पुढच्या घरी माझी आई. तिनं सांगितलं, बालाजीची बायको होय? ती निलंग्याची. सोजरबाईच्या नात्यातलीच. त्याच्यापुढच्या बाईनं तिला उदगीरकडची केलं, कारण तिचं बोलणं जरा कानडीकडं झुकतं असं तिला वाटायचं. तोपर्यंत बातमी सोजरबाईपर्यंत पोचली होती. ती दारातच उभी राहिली.

"मावशी, तुमची सून कुठल्या देशाची?"

"ह्याच."

"जन्म कुठला?"

"माझ्या भावाची लेक हाय. माझ्या हातावर जन्मली. चा घेता का?"

जमादार चहा घेऊन गेले. लोकांनी जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. सदर पत्त्यावर कोणीही परदेशी महिला राहत नसल्याचे स्थानिक चौकशीत समजले. झालं. सात वर्षं इथं राहिलेली परदेशी बाई इथं राहतच नाही, मग नागरिकत्व द्यायचं कुणाला? अर्ज अडकला.

लातूरच्या कचेरीत कारकुनानं गल्लीतल्या जबाबांसकट हे वाचून दाखवलं तेव्हा मी बरोबर होते. मारीवहिनी आधी हसली. "बशीरचाचांनी मला किनवटची केलं?" मग जिन्यात खाली बसली. हसतच बसली होती, पण चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "शालन, किती जीव लावत्यात गं. आन् त्येनंच माझं नरडं धरलं."

संध्याकाळी तिनं सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. बालाजीनं समजावून सांगितलं. कुणीही तिला घेऊन जाणार नाही. उलट ती कायमची इथली व्हावी म्हणूनच चौकशी आहे. पुन्हा चौकशी होणार. तेव्हा खरं सांगा. गल्ली ओशाळली. बशीरचाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बेटी, बोलना था ना पयले. मैं तो समझा, तेरे को बचाया." माझी आई म्हणाली, "मी निलंग्याचीच सांगितली. जवळच तर सांगितली."

सगळे कबूल झाले. सोजरबाई सोडून.

"मी न्हाई म्हननार," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं माझ्या सुनंला परकी म्हनू? लोकं आजवर म्हनत आली, तवा मी कुनाकुनाची तोंडं धरली. आन् आता पोलिसाफुडं मीच म्हनू?"

"आत्याबाई, खरंच हाय की त्ये."

"खरं आसंल. मी न्हाई म्हननार."

मारीवहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. तिनं सोजरबाईच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "एकदा परकी म्हना. फकस्त एकदा. मग जन्मात कुनाला म्हनता येनार न्हाई."

"आन् म्हनल्यावर त्येंनी तुला नेलं तर?"

मी कायदा सांगितला, बालाजीनं वकिलांचं नाव घेतलं. सोजरबाईनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती सुनेकडं बघत होती. मारीवहिनी म्हणाली, "नेलं तर तुमी माझ्यासंगं या. माझ्या आयचं घर लई मोठं न्हाई, पन तिथं चिंच हाय."

चिंचेशिवाय एक दिवस न जाणाऱ्या सोजरबाईला हसू आलं आणि ते तिला आवरता आलं नाही.

दुसऱ्या चौकशीला तेच जमादार आले. या वेळी मी सुट्टी काढून आले होते. गल्ली रांगेत उभी राहिल्यासारखी आपापल्या दारात उभी होती. बशीरचाचांनी इतकं खरं सांगितलं की जमादारांना थांबवावं लागलं. बाई विमानानं आली, मस्कतहून आली, पहिल्या दिवशी काय नेसली होती, तिचा पहिला झंपर मीच शिवला, माप चुकलं. जमादार म्हणाले, "चाचा, मागच्या बारीला तर जंगलातली म्हणला होता."

"साब, वो मोहब्बत में बोला. ये हकीकत."

मग सोजरबाईचं दार.

"मावशी, नीट सांगा. सून भावाची लेक का?"

"न्हाई."

"परदेशी हाय?"

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. बालाजी खाली बघत होता. मारीवहिनीनं खांब धरला होता. मला वाटलं, आता ही आत निघून जाते.

"लिवा," सोजरबाई म्हणाली. "परक्या देशात जन्मली. पन चुकून जन्मली."

जमादारांनी पेन थांबवलं. "मावशी, चुकून लिहिता येत न्हाई."

"मग तुमच्या मनानं लिवा. मी म्हनायचं त्ये म्हनले."

ती आत गेली आणि आतून भांड्यांचा मोठा आवाज झाला. चहा मात्र आला.

त्यानंतर कागद किती ठिकाणी फिरला ते मी सांगत बसत नाही. उशीर झाला, पण मंजुरी आली. शेवटची पायरी अशी होती, की आधी तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा कागद आणायचा, मगच इकडचं प्रमाणपत्र. त्यासाठी दिल्लीला त्यांच्या वकिलातीत जायचं. ती आणि बालाजी आदल्या दिवशी नांदेडला माझ्या जुन्या मैत्रिणीच्या घरी उतरली, आणि सकाळच्या दिल्लीच्या गाडीला पोचवायला मी किनवटहून आले. फलाटावर शीख यात्रेकरूंची गर्दी होती. पासपोर्ट तिनं छातीशी धरलेल्या पिशवीत ठेवला होता आणि पिशवीचं तोंड पुन्हा पुन्हा चाचपत होती.

"भ्या वाटतंय?" मी विचारलं.

"हाव."

"अजून माघारी फिरता येतं."

"म्हाईत हाय. म्हनून तर भ्या वाटतंय."

दिल्लीहून ती परतली तेव्हा तिकडचं सुटलं होतं आणि इकडचं अजून हातात पडलं नव्हतं. काही दिवस ती कुठल्याच देशाची नव्हती. बालाजी त्या दिवसांत तिला मोटरसायकलवर बसवून रेणापूरलासुद्धा नेत नव्हता. मी फोन केला तर ती म्हणाली, "सध्या मी नुसती आत्याबाईची. दुसऱ्या कुनाची न्हाई." मागून सोजरबाईचा आवाज आला, "तिला म्हनावं आत ये, ऊन लागंल." इतकी वर्षं उन्हात झाडणाऱ्या बाईला त्या दिवसांत सोजरबाईनं उन्हात जाऊ दिलं नाही.

शपथ लातूरला झाली. मला रजा मिळाली नाही. बालाजीनं सांगितलं, की वाचताना ती एका शब्दाशी थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. साहेब म्हणाले, पुढचं वाचलं तरी चालेल. ती म्हणाली, "न्हाई साहेब, सगळंच वाचते."

मतदार यादीत नाव आल्यानंतरची एक ग्रामसभा मी बघितली. मी दिवाळीच्या सुट्टीला आले होते आणि दुपारच्या एसटीनं परत निघायचं होतं. पिशवी खांद्याला होतीच. समाजमंदिराच्या दारातून सहज आत डोकावले. पाण्याची नवी टाकी वरच्या आळीत बांधायची का आपल्या, यावर चाललं होतं. मारीवहिनी उभी होती. बाजूला सोजरबाई भिंतीला टेकून पेंगत होती.

"टाकी खालीच पायजे," मारीवहिनी म्हणत होती. "वरच्या आळीला हीर हाय. आमाला काय हाय?"

माणिकराव ताडकन उठले. तोंड लाल झालेलं. या वेळी सोळा आणे नव्हतं, हरकतीचं काही नव्हतं. "ओ बाई, बसा खाली! तुमची आळी पैल्यापासून अशीच आपमतलबी हाय. दिवाबत्तीच्या टायमालाबी तुमीच आधी खांब वडून घेतले!"

"कवा घेतले? दाखवा कागद! मी तवा हिथंच होते!"

"तुमच्या सासऱ्यानं घेतले हुते!"

"मग घेतले आसतील. त्येंचं बराबरच हुतं!"

सगळी सभा हसायला लागली. माणिकराव आणखी चिडले, चार लोक वरच्या आळीकडून उठले, चार खालच्या. मारीवहिनीनं पदर खोचला आणि आवाज चढवला. तिचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. रागानं लाल झालेला, आणि त्या रागात न मावणारी खुशी. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी तिला हात केला, पण तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तिला माणिकरावांचं पुढचं वाक्य खोडायचं होतं. मी निघाले. रस्त्याला लागले तरी मागून तिचा आवाज येतच होता.